महायुद्धोत्तर बदलांचे श्रेय महायुद्धाला देता येईल का?

मीमांसक:

पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकाविषयी लिहिताना एक विधान इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. युद्धाने जुने जग मोडून काढले आणि त्याच्या जागी नवे जग उभे राहिले, असे ते विधान आहे. स्त्रियांना मताधिकार युद्धामुळे मिळाला, आठ तासांचा कामाचा दिवस युद्धामुळे आला, रेडिओ युद्धामुळे घरोघरी पोचला आणि चित्रकला, संगीत, वास्तुकला यांनी जुनी वळणे टाकली तीही युद्धामुळेच, असे आपण वाचत आलो आहोत. माझे मत याच्या विरुद्ध आहे. १९१८ नंतर जे डोळ्यांत भरले त्यातील बहुतेक गोष्टींची तयारी १९१४ पूर्वीच झालेली होती. युद्धाने त्यांतील काहींना वाट मोकळी करून दिली, काहींची वाट अडवली आणि काहींचा कायमचा घात केला. यातली पहिली बाजू तेवढी मांडायची आणि उरलेल्या दोन विसरायच्या, हा अन्याय आहे.

स्त्रियांच्या मताधिकाराचेच उदाहरण घ्या. न्यूझीलंडने तो १८९३ मध्ये, फिनलंडने १९०६ मध्ये आणि नॉर्वेने १९१३ मध्ये दिला होता, तेव्हा महायुद्धाचा मागमूसही नव्हता. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९१८ च्या कायद्याने तो मिळाला हे खरे, पण कोणत्या स्त्रियांना मिळाला ते पाहिले पाहिजे. ज्यांचे वय तीस वर्षे पूर्ण होते आणि ज्या स्वतः किंवा पतीच्या नात्याने मालमत्तेची अट पुरी करत होत्या, त्यांनाच तो मिळाला. दारूगोळ्याच्या कारखान्यांत टीएनटी हे स्फोटक हाताळून ज्यांचे हात आणि चेहरे पिवळे पडले, ज्यांना त्या रंगावरून ‘कॅनरी’ (एक पिवळा पक्षी) म्हणून ओळखले जाई, त्या कामगार मुलींपैकी बहुसंख्य विशी-पंचविशीतल्या होत्या. त्यांच्या हाती मतपत्रिका आलीच नाही. याच कायद्याने सैन्यातल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला मात्र मत दिले. हे युद्धसेवेचे बक्षीस असेल, तर ज्यांनी सेवा केली त्यांनाच ते नेमके नाकारले गेले, असे म्हणावे लागेल. पुरुषांइतकाच, म्हणजे एकविसाव्या वर्षापासूनचा, मताधिकार त्यांना १९२८ मध्ये मिळाला.

नोकऱ्यांचे चित्र तर याहून उदास आहे. युद्धपूर्व कामाच्या पद्धती पूर्ववत करण्यासाठी १९१९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदा केला आणि कामगार संघटनांना दिलेल्या वचनानुसार स्त्रियांना यंत्रांवरून दूर केले गेले. ज्यांनी घरकामाची नोकरी नाकारली त्यांचा बेकारभत्ता थांबवण्यात आला. १९२१ च्या जनगणनेत कमावत्या स्त्रियांचे प्रमाण १९११ इतकेच, किंबहुना किंचित कमी आढळते. चार वर्षांच्या युद्धाने स्त्रीला घराबाहेर आणले असे म्हणणाऱ्यांनी या जनगणनेचे उत्तर द्यावे.

कलेबाबतही तेच. पिकासो आणि ब्राक यांची वस्तूंचे आकार फोडून पाहणारी चित्रे, शोनबर्गचे स्वराधार सोडलेले संगीत, ग्रोपिअसने १९११ मध्ये आल्फेल्ड येथे उभारायला घेतलेला काच-पोलादाचा कारखाना, हे सारे शांततेच्या काळातले आहे. १९१९ मध्ये वायमार येथे ग्रोपिअसनेच ‘बाउहाउस’ ही कलाशाळा सुरू केली तेव्हा त्याच्या डोक्यातली मूळ कल्पना किमान आठ वर्षे जुनी होती.

आणि जे घडू शकले नाही त्याची मोजदाद कोण करणार? हेन्री मोझली या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या साहाय्याने अणुक्रमांकाला भक्कम पाया दिला. १० ऑगस्ट १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या रणभूमीवर गोळी लागून तो मेला, तेव्हा त्याचे वय २७ होते. महायुद्धाने विज्ञान पुढे नेले असे वाचले की मला प्रथम मोझली आठवतो.

सुनंदा:

मीमांसक, आपण दिलेली तथ्ये मला मान्य आहेत, पण त्यांतून आपण काढलेला निष्कर्ष मान्य नाही. मागणी जुनी असणे ही एक गोष्ट आहे आणि ती मान्य होणे ही दुसरी. ब्रिटनमध्ये स्त्रियांच्या मताधिकाराचा मोठा अर्ज १८६६ मध्ये पार्लमेंटसमोर आला. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक विधेयके आली आणि पडली. १९१० ते १९१२ या काळात सर्वपक्षीय तडजोडीची विधेयकेसुद्धा तडीस गेली नाहीत. मग जून १९१७ मध्ये त्याच सभागृहात स्त्रियांच्या मताधिकाराचे कलम ३८५ विरुद्ध ५५ अशा मतांनी संमत कसे झाले? मागणी तीच आणि सभागृहही तेच. कारण निवडणूकच झालेली नव्हती, १९१० चेच सदस्य तेथे बसलेले होते. मधल्या काळात काय बदलले, याचे उत्तर आपल्या लेखात नाही.

‘बक्षीस’ ही उपपत्ती मलाही पटत नाही. खरे कारण जास्त रुक्ष आहे आणि म्हणूनच जास्त पटण्यासारखे आहे. त्या वेळच्या नियमाप्रमाणे मतदाराला एकाच ठिकाणी वर्षभर वास्तव्य असल्याचे दाखवावे लागत असे. आघाडीवर गेलेला सैनिक ही अट कशी पुरी करणार? देशासाठी लढणाऱ्याचे नाव मतदारयादीतून गळते, ही गोष्ट कोणत्याही सरकारला झेपणारी नव्हती. यादीची व्याख्या बदलणे भाग पडले, ती बदलायला घेतल्यावर मालमत्तेअभावी मताला मुकलेल्या लक्षावधी पुरुषांचा प्रश्न पुढे आला आणि एकदा सगळा कायदाच नव्याने लिहायचा ठरल्यावर स्त्रियांना बाहेर ठेवण्याचे समर्थन करणे अवघड होऊन बसले. ज्या अस्क्विथ यांनी पंतप्रधान असताना या मागणीला सतत विरोध केला, त्यांनीच मार्च १९१७ मध्ये सभागृहात आपला विरोध सोडला. युद्धाशिवाय हा दरवाजा कधी उघडला असता हे मला सांगता येणार नाही, पण तो १९१८ मध्ये उघडला नसता एवढे निश्चित.

जर्मनीकडे पाहिले तर हे अधिक ठळकपणे दिसते. प्रशिया या जर्मनीतल्या सर्वांत मोठ्या राज्यात कराच्या रकमेनुसार मतदारांचे तीन वर्ग पाडणारी पद्धत होती, ज्यात मूठभर धनिकांचे मत हजारो कामगारांच्या मताला भारी पडे. ती बदलावी म्हणून समाजवादी पक्ष कित्येक वर्षे झगडत होता. १९१२ मध्ये तो राइशटागमधला, म्हणजे जर्मन संसदेतला, सर्वांत मोठा पक्ष झाला, तरी प्रशियाच्या सिंहासनापुढे त्याचे काही चालले नाही. ९ नोव्हेंबर १९१८ रोजी कैसरची, म्हणजे जर्मन सम्राटाची, राजवट कोसळली आणि तीनच दिवसांत, १२ नोव्हेंबरला, वीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना समान मताधिकार जाहीर झाला. जानेवारी १९१९ च्या निवडणुकीत ३७ स्त्रिया राष्ट्रीय सभेवर निवडून आल्या. हे सिंहासन कोणत्या चळवळीने हलवले होते? ते रणांगणावरच्या पराभवाने हलले. बीज आधीचे होते असे आपण म्हणता, पण वर शिळा ठेवलेली असताना बीजाचे काय होते याचाही विचार व्हायला हवा.

मीमांसक:

सुनंदाताई, वास्तव्याच्या अटीचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि त्याने माझ्या मांडणीत भरच पडते, कारण त्यातून एवढेच सिद्ध होते की स्त्रियांचा प्रवेश हा पुरुषांसाठी केलेल्या दुरुस्तीचा आनुषंगिक परिणाम होता. जर्मनीबद्दल मात्र पुढचे पान उलटावे लागेल. ऑगस्ट १९१९ च्या राज्यघटनेने स्त्री-पुरुषांना समान मूलभूत हक्क दिले आणि सरकारी नोकरीतील स्त्रियांविरुद्धचे भेदभाव रद्द केले. ऑक्टोबर १९२३ मध्ये, चलनफुगवटा पराकोटीला पोचला असताना, नोकरकपातीचा जो अध्यादेश निघाला त्याने विवाहित स्त्रियांना सरकारी सेवेतून काढण्याची मुभा दिली. चार वर्षांत घटनेतला शब्द व्यवहारात पोकळ झाला. पराभवाने सिंहासन उलथले, हे मान्य. पण त्याच पराभवाने जी आर्थिक दैना आणली तिच्यात पहिला बळी कोणाचा गेला, हेही त्याच खात्यावर लिहावे लागेल.

ग्रहणवेध:

विज्ञानाचा उल्लेख आला म्हणून १९१९ च्या ग्रहणाविषयी लिहितो, कारण दोन्ही पक्षांना सोयीचे आणि गैरसोयीचे असे सगळेच त्या एका प्रसंगात सापडते.

सूर्याच्या जवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश वाकतो, असे आइन्स्टाइन यांचे भाकीत होते, आणि ते पडताळण्यासाठी खग्रास ग्रहणाच्या काळोखात सूर्याजवळच्या ताऱ्यांची छायाचित्रे घेणे आवश्यक होते. एर्विन फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ याच कामासाठी २१ ऑगस्ट १९१४ च्या ग्रहणाच्या वेळी क्रिमियात गेला होता. ग्रहणाआधीच युद्ध जाहीर झाले, रशियनांनी त्याला शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून ताब्यात घेतले आणि त्याची उपकरणे जप्त केली. येथपर्यंत मीमांसक यांच्या म्हणण्याला आधार मिळतो. मात्र एक योगायोग विसरता येत नाही. त्या वेळी आइन्स्टाइन यांनी प्रकाशाच्या वाकण्याचा वर्तवलेला आकडा सुमारे ०.८७ आर्कसेकंद (आर्कसेकंद म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग), म्हणजे नंतरच्या आकड्याच्या निम्मा होता. १.७५ हा आकडा नोव्हेंबर १९१५ मध्ये व्यापक सापेक्षता सिद्धांत पूर्ण झाल्यावर आला. फ्रॉइंडलिशला मोजमाप घेता आले असते तर भाकीत चुकल्याचेच दिसले असते.

सिद्धांत बर्लिनमध्ये, युद्धाच्या काळात, पण युद्धाशी कसलाही संबंध नसताना तयार झाला. तो इंग्लंडमध्ये पोचला तो तटस्थ हॉलंडमधील खगोलशास्त्रज्ञ डी सिटर यांच्यामार्फत. इंग्रज खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन हे क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे आणि युद्धाला नैतिक विरोध असलेले. सक्तीच्या सैन्यभरतीतून त्यांना सूट मिळावी म्हणून राजखगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांनी रदबदली केली आणि त्यात ग्रहणमोहिमेच्या तयारीचे कारण पुढे केले गेले. २९ मे १९१९ रोजी एडिंग्टन आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या प्रिन्सिपे बेटावर होते आणि दुसरी तुकडी ब्राझीलमधील सोब्राल येथे. प्रिन्सिपेला सकाळी पाऊस झाला, ढग राहिले आणि छायाचित्रांच्या सोळा काचांपैकी अगदी थोड्या कामाच्या निघाल्या. सोब्रालमध्ये आकाश निरभ्र होते, पण आरसा उन्हाने तापून त्याचा आकार किंचित बिघडल्यामुळे मोठ्या दुर्बिणीतल्या प्रतिमा पसरट आल्या. शेवटी चार इंची लहान भिंगातून घेतलेल्या सात काचांनी सर्वांत स्वच्छ उत्तर दिले. जे मोजायचे होते ते किती सूक्ष्म होते याची कल्पना यावी म्हणून सांगतो. एडिंग्टन यांच्या दुर्बिणीच्या काचेवर एक आर्कसेकंद म्हणजे मिलिमीटरचा सुमारे साठावा भाग होतो. तेवढे सरकणे आणि तेही शेजारच्या ताऱ्यांच्या तुलनेत, सूक्ष्मदर्शकाखाली धरून ठरवायचे होते.

६ नोव्हेंबर १९१९ रोजी लंडनला रॉयल सोसायटी आणि रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटी यांच्या संयुक्त सभेत निकाल जाहीर झाला आणि काही दिवसांत आइन्स्टाइन जगप्रसिद्ध झाले. ही प्रसिद्धी युद्धोत्तर परिस्थितीशिवाय समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. ज्यांच्याशी चार वर्षे लढाई झाली त्या देशाच्या राजधानीत बसलेल्या माणसाचे म्हणणे इंग्रजांनी समुद्र ओलांडून तपासले आणि खरे ठरवले, यात शिणलेल्या वाचकाला केवळ भौतिकशास्त्र दिसले नाही. म्हणून, मीमांसक, सिद्धांत युद्धाचा नाही हे आपले म्हणणे मी उचलून धरतो, परंतु समाजाने त्याला ज्या रीतीने कवटाळले ती रीत मात्र युद्धाच्या नंतरचीच आहे.

याच वर्षी ब्रुसेल्स येथे जी आंतरराष्ट्रीय संशोधन परिषद स्थापन झाली तिच्या दारातून जर्मन आणि ऑस्ट्रियन वैज्ञानिकांना बाहेर ठेवण्यात आले आणि ते निर्बंध १९२६ पर्यंत उठले नाहीत. ज्या वर्षांत गटिंगेन आणि कोपनहेगन येथे पुंज यामिकी (क्वांटम मेकॅनिक्स) आकार घेत होती त्याच वर्षांत तिचे अनेक कर्ते अधिकृत आंतरराष्ट्रीय परिषदांतून वगळले जात होते. विज्ञानाला सरहद्द नसते असे म्हणण्याची पद्धत आहे. त्या सात वर्षांत ती सरहद्द वैज्ञानिकांनी स्वतःच्या हातांनी आखली होती, आणि याबद्दल मला आजही खेद वाटतो.

शस्त्रवैद्य:

भौतिकशास्त्राचे उदाहरण घेतले की मीमांसक यांची बाजू बळकट वाटते, वैद्यकाचे घेतले की ती टिकत नाही. सोडियम सायट्रेट घातले की रक्त गोठत नाही, हा शोध १९१४-१५ च्या सुमारास ब्रुसेल्स, ब्यूनोस आयर्स आणि न्यू यॉर्क येथे स्वतंत्रपणे लागला. तो युद्धाने लावला नाही, हे मान्य. परंतु १९१७ मध्ये ऑस्वाल्ड रॉबर्टसन या अमेरिकन लष्करी डॉक्टरने पश्चिम आघाडीवर रक्त बाटल्यांत भरून, बर्फात ठेवून, गरज पडेल तेव्हा वापरता येईल अशी व्यवस्था केली तोपर्यंत रक्तदाता आणि रोगी शेजारी शेजारी असणे हाच नियम होता. रक्ताचा साठा ही कल्पना जखमींच्या रांगेतून आली. १९२१ मध्ये लंडनला रेडक्रॉसच्या आश्रयाने स्वेच्छा रक्तदात्यांची सेवा सुरू झाली ती या अनुभवानंतरच.

चेहऱ्याच्या शस्त्रक्रियेबद्दल तर वादच नको. खंदकातून डोके वर निघाले की तोफगोळ्याचे तुकडे थेट चेहऱ्यावर येत. हॅरल्ड गिलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील सिडकप येथील रुग्णालयात पाच हजारांवर सैनिकांवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया केल्या. छाती किंवा खांद्यावरची त्वचेची पट्टी उचलून चेहऱ्याकडे न्यायची, पण तिचे मूळ टोक जागेवरच ठेवायचे म्हणजे रक्तपुरवठा चालू राहतो, ही रीत जुनी होती. अडचण अशी की पट्टीची उघडी बाजू आठवडेच्या आठवडे उघडीच राही आणि प्रतिजैविकांच्या आधीच्या त्या काळात तिच्यात पू होई. गिलिस यांच्या लक्षात आले की पट्टीच्या दोन्ही कडा आपोआप आत वळतात, तेव्हा त्या एकमेकींना शिवून टाकल्या तर बंद नळी तयार होते आणि कच्चा भाग बाहेर राहतच नाही. ही युक्ती १९१७ मधली. रोज नव्या जखमा आणि त्याच शल्यवैद्याच्या हाताखाली एकाच प्रकारचे शेकडो रुग्ण, अशी स्थिती शांततेच्या काळात कोणत्या रुग्णालयात आली असती?

मी युद्धाचे गुणगान करत नाही. मी केवळ हे म्हणतो की कल्पना सुचणे आणि तिची शाखा होणे यांत फरक आहे. रेडिओतल्या व्हॅक्यूम ट्यूबचेही तसेच झाले. ली डी फॉरेस्ट यांची तीन टोकांची नलिका १९०६ ची, पण फ्रेंच सैन्याच्या संदेशविभागाने ती लाखाहून अधिक संख्येने, एकसारख्या दर्जाची बनवून घेतली, हजारो तरुण ती हाताळायला शिकले आणि युद्ध संपल्यावर तेच तरुण मोकळे झाले. १९२० मध्ये पिट्सबर्गला आणि १९२२ मध्ये लंडनला प्रक्षेपण सुरू झाले, त्या रेडिओ-प्रक्षेपणामागे हे मनुष्यबळ होते.

मेधा:

शस्त्रवैद्य यांच्या प्रतिसादात एक गोष्ट राहून गेली, ती सांगते. ओडेसा येथे फिलाटोव यांनी त्वचेच्या नळीची हीच युक्ती १९१६ मध्ये नेत्रशल्यकर्माच्या संदर्भात वापरली आणि १९१७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि गिलिस यांना त्याची खबर नव्हती. म्हणजे त्या युक्तीसाठी सिडकपच्या विद्रूप चेहऱ्यांची अनिवार्य गरज होती असे म्हणता येत नाही. ज्ञान प्रत्येक वेळी इतक्या किमतीला घ्यावे लागते हे मी कधीही मान्य करणार नाही.

मला मुख्यतः कलेबद्दल आणि शोकाबद्दल बोलायचे आहे. युद्धाने कलेला आधुनिक केले असे मानणाऱ्यांनी फ्रान्समधल्या गावागावांतली स्मारके पाहावीत. १९१८ नंतरच्या काही वर्षांत तेथील बहुतेक सर्व गावांनी आपापल्या मृतांची नावे कोरलेले स्मारक उभारले. त्यांत शिलास्तंभ आहेत, क्रूस आहेत, विजयदेवतेच्या मूर्ती आहेत, शोकाकुल माता आणि पुतळ्यातले शिपाई आहेत. चित्रकारांनी दहा वर्षांपूर्वीच आकार फोडले होते, पण ज्याचा मुलगा गेला त्या माणसाने फुटलेला आकार मागितला नाही, त्याने ओळखीची मूर्ती मागितली. दुःखाला जुनीच भाषा हवी होती. म्हणून कलेपुरती मी मीमांसक यांच्या बाजूने आहे.

परंतु एका ठिकाणी मी त्यांच्यापासून वेगळी होते. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धदफनभूमींसाठी जो आयोग १९१७ मध्ये नेमला गेला त्याने ठरवले की कोणताही मृतदेह मायदेशी नेला जाणार नाही आणि सर्वांच्या थडग्यावर एकाच आकाराची शिळा बसेल, मग तो अधिकारी असो वा साधा शिपाई. श्रीमंत घराण्यांनी विरोध केला. आपल्या मुलाचे शव परत आणण्याचा किंवा त्याच्यासाठी निराळे स्मारक उभारण्याचा हक्क त्यांनी मागितला. मे १९२० मध्ये पार्लमेंटमध्ये यावर चर्चा झाली आणि आयोगाचे धोरण कायम राहिले. ज्या समाजात कबरीची जागासुद्धा दर्जाप्रमाणे ठरत असे, त्या समाजाने मृत्यूनंतरची समानता सरकारी नियम म्हणून पत्करली. हे कोणत्याही युद्धपूर्व चळवळीने मागितलेले नव्हते. हा बदल निखळपणे युद्धाचा आहे, आणि तो मला मताधिकाराच्या कायद्याइतकाच खोल वाटतो.

उत्तरायण:

या वादाचा निकाल लावण्याची एक पद्धत आहे. जे देश लढलेच नाहीत त्यांच्याकडे पाहायचे. हॉलंडमध्ये पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार १९१७ मध्ये आणि स्त्रियांना १९१९ मध्ये मिळाला. डेन्मार्कने तो १९१५ मध्ये दिला. स्वीडनमध्ये १९१९ ते १९२१ या काळात कायदेशीर प्रक्रिया पूर्ण होऊन १९२१ च्या निवडणुकीत स्त्रियांनी मतदान केले. आठ तासांचा दिवस या देशांतही त्याच सुमारास आला. खंदक नाहीत, दारूगोळ्याचे कारखाने स्त्रियांनी भरलेले नाहीत, कोसळलेले सिंहासन नाही, आणि तरीही निकाल तोच. याउलट फ्रान्सने सर्वाधिक किंमत मोजलेल्यांत स्थान मिळवले, त्याचे सुमारे चौदा लाख सैनिक मेले, आणि तेथे काय झाले? १९१९ मध्ये कनिष्ठ सभागृहाने स्त्रियांच्या मताधिकाराला संमती दिली, पण नोव्हेंबर १९२२ मध्ये सिनेटने तो विषय चर्चेलाही घेण्यास नकार दिला. फ्रेंच स्त्रियांना मत मिळण्यासाठी १९४४ उजाडावे लागले. उलट १९२० मध्ये तेथे संततिनियमनाच्या प्रचारावर बंदी घालणारा कायदा झाला, कारण रिकाम्या झालेल्या बराकी पुन्हा भरायच्या होत्या. युद्ध हे कारण असेल तर जेथे ते नव्हते तेथे परिणाम दिसतो आणि जेथे ते सर्वांत तीव्र होते तेथे दिसत नाही, याची संगती कशी लावायची?

सुनंदा:

उत्तरायण, तटस्थ म्हणजे अस्पर्श नव्हे. आपण सांगितलेल्या तारखा पुन्हा पाहाव्यात. स्वीडनच्या वरिष्ठ सभागृहाने मताधिकाराचा विस्तार वर्षानुवर्षे रोखून धरला होता. डिसेंबर १९१८ मध्ये बोलावलेल्या खास अधिवेशनात तेथील पुराणमतवादी नमले, आणि ते नमले कारण महिनाभरापूर्वीच बर्लिनमध्ये राजसत्ता संपलेली त्यांनी पाहिली होती. हॉलंडमध्ये नोव्हेंबर १९१८ मध्ये समाजवादी नेते ट्रुल्स्ट्रा यांनी क्रांतीची हाक दिली. ती फसली, परंतु आठ तासांच्या दिवसाचा कायदा पुढच्याच वर्षी झाला.

स्वित्झर्लंडचे उदाहरण तर माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके आहे. १२ ते १४ नोव्हेंबर १९१८ या तीन दिवसांत तेथे देशव्यापी संप झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यांच्या मागण्यांत अठ्ठेचाळीस तासांचा आठवडाही होता आणि स्त्रियांचा मताधिकारही. सैन्य रस्त्यावर आणून सरकारने संप मोडला. तरीही १९१९ मध्ये कारखान्यांसाठी अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा लागू झाला. स्त्रियांना मात्र राष्ट्रीय पातळीवरचा मताधिकार १९७१ मध्ये मिळाला. युद्धाच्या शेवटाने निर्माण केलेल्या भीतीचा उपयोग ज्यांच्या हाती यंत्रे बंद पाडण्याचे बळ होते त्यांनाच झाला. फ्रान्सबद्दलचा आपला प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर तेथील सिनेटमध्ये आहे. जिंकलेल्या देशात जुन्या संस्था शाबूत राहतात. पराभूत आणि घाबरलेल्या देशांत त्या वाकतात. म्हणून मी ‘युद्ध’ असा सरधोपट शब्द वापरण्याऐवजी युद्ध कोणासाठी कसे संपले, हे विचारते.

मीमांसक:

ही मांडणी मला मूळ विधानापेक्षा पुष्कळ काटेकोर वाटते आणि तिच्याशी माझे भांडण कमी आहे. तरीही ब्रिटनची अडचण राहतेच. ब्रिटन जिंकला होता, त्याचे सिंहासन आणि त्याचे वरिष्ठ सभागृह दोन्ही शाबूत होती, आणि कायदा तर विजयाच्या नऊ महिने आधीच झाला. तेथे पन्नास वर्षांची संघटित स्त्री-चळवळ होती, तिच्या शाखा गावोगावी होत्या, आणि यादीची व्याख्या बदलण्याचा प्रसंग आला तेव्हा दाराशी उभे राहून आपले म्हणणे मांडणाऱ्या अनुभवी स्त्रिया तयार होत्या. ही तयारी नसती तर वास्तव्याची अट दुरुस्त करून, सैनिकांना मत देऊन, पार्लमेंट मोकळे झाले असते.

पूर्वक्षितिज:

इतकी तपशीलवार चर्चा झाली आणि ती युरोपच्या बाहेर ग्रहणापुरतीच पडली, याचे मला वाईट वाटते. त्या युद्धात भारतातून दहा लाखांहून अधिक माणसे परदेशी रणभूमींवर गेली. चीनमधून सुमारे १,४०,००० मजूर फ्रान्समध्ये खंदक खणायला आणि गोळे वाहायला गेले. ‘सिंहासने कोसळली’ असे सुनंदाताई म्हणतात, पण पॅरिसच्या शांतता परिषदेत एप्रिल १९१९ मध्ये जपानने वांशिक समानतेचे तत्त्व राष्ट्रसंघाच्या सनदेत घालण्याचा प्रस्ताव आणला, तेव्हा उपस्थित सतरांपैकी अकरा मते त्याच्या बाजूने पडूनही अध्यक्षस्थानी असलेल्या अमेरिकेच्या विल्सन यांनी एकमत नाही म्हणून तो फेटाळला. त्याच जपानला चीनच्या शांतुंग प्रांतातील जर्मन हक्क देण्यात आले आणि ज्या चीनने मजूर पाठवले होते त्याच्या राजधानीत ४ मे रोजी विद्यार्थी रस्त्यावर आले. चीनने व्हर्सायच्या तहावर सही केली नाही. भारतात मार्च १९१९ मध्ये रौलट कायदा आला, म्हणजे युद्धकाळातले विनाचौकशी स्थानबद्धतेचे अधिकार शांततेतही चालू राहिले. जर्मनीच्या वसाहती आणि उस्मानी साम्राज्याचे अरब प्रदेश यांना स्वातंत्र्य न देता विजेत्यांच्या हाती ‘मँडेट’, म्हणजे राष्ट्रसंघाच्या नावाने चालवायचा कारभार, म्हणून सोपवले गेले.

मीमांसक यांचा प्रश्न येथे लावून पाहिला तर दोन्ही बाजूंना नवे उत्तर शोधावे लागेल. इजिप्तचे उदाहरण देतो. ८ मार्च १९१९ रोजी राष्ट्रवादी नेते साद झगलूल यांना ब्रिटिशांनी अटक करून माल्टाला पाठवले. उठाव झाला आणि त्याच महिन्यात कैरोच्या रस्त्यांवर बुरख्यातल्या स्त्रियांनी मोर्चा काढला, ज्यात हुदा शारावी आघाडीवर होत्या. या स्त्रियांमागे ब्रिटनसारखी पन्नास वर्षांची मताधिकार-संघटना नव्हती. समोरची सत्ता पराभूतही नव्हती आणि घाबरून वाकणारीही नव्हती, ती नुकतीच युद्ध जिंकलेली होती. तरी त्या उतरल्या. १९२२ मध्ये इजिप्तला नावापुरते स्वातंत्र्य मिळाले, १९२३ मध्ये राज्यघटना झाली आणि त्यानंतरच्या निवडणुकीत मताधिकार पुरुषांनाच राहिला. ज्यांच्याबरोबर खांद्याला खांदा लावून त्या स्त्रिया चालल्या होत्या त्या पुढाऱ्यांनीच तो तसा ठेवला. स्त्रियांना मत देण्याचा हक्क १९५६ मध्ये मिळाला, दुसरे महायुद्ध संपूनही अकरा वर्षांनी.